काठाकाठानं

मला पाण्याची भीती वाटते. विहिरीत डोकावताना वाटते तशी नव्हे, ती सगळ्यांनाच वाटते. मला सपाट, शांत, उन्हात चकाकणाऱ्या पाण्याची भीती वाटते, आणि तरीही काही वर्षं मी अशाच पाण्याच्या कडेनं नोकरीला जात होते.

यजमान पाटबंधारे खात्यात होते. सत्तरच्या सुमारास त्यांची बदली अकोले तालुक्यातल्या एका जुन्या धरणावर झाली. आम्ही दोघंही जिल्ह्याच्या कोरड्या अंगाचे, काष्टीकडचे. आमच्याकडे पोहता येणं ही कुणाला लागणारी गोष्ट नव्हती. धरणाच्या भिंतीखाली कॉलनी होती, तिथे आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. मी शिवणाचा कोर्स केलेला होता, म्हणून पंचायत समितीनं मला जलाशयाच्या कडेच्या एका वाडीवर शिवणवर्ग चालवायला दिला. वाडीला रस्ता नव्हता. एक तर लाँचनं जायचं, नाहीतर पायवाटेनं. लाँच सरकारी होती आणि सरकारी लहरीनं सुटायची. शिवाय तीत बसायचं म्हणजे खाली पाणी. मी पायवाट धरली.

वाट सोपी होती हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटेल की कड्यावरची वाट असेल. ना चढ, ना उतार. धरण पूर्ण भरल्यावर पाणी जिथे टेकतं तिथे दगडांची एक ओळ रचलेली होती, आणि तिच्या वरच्या अंगानं दोन माणसं शेजारीशेजारी चालतील एवढी वाट पडली होती. जाताना डाव्या हाताला डोंगर, करवंदीच्या जाळ्या, मध्येच एखादी जांभूळ. उजव्या हाताला पाणी. निम्म्या वाटेवर दगडी धक्का होता. तिथे लाँच आणि होड्या बांधलेल्या असायच्या. भाताची पोती, कोंबड्यांची डालगी, कधी झोळीत घातलेला आजारी माणूस, असं सगळं त्या धक्क्यावरून चढायचं-उतरायचं. साहेबलोकांकडे पाहुणे आले की त्यांना संध्याकाळी तिथवर फिरायला आणत. पाहुणे वारा खात उभे राहत, होड्या बघत, बगळे बघत आणि फार छान आहे म्हणत. होतंही छान. मला तिथे उभं राहवत नसे, एवढंच.

धक्क्याच्या पुढे एक ओढा डोंगरातून येऊन जलाशयाला मिळायचा. धरण भरलं की त्या ओढ्यात पाणी आत शिरून लांब जिभेसारखं पसरायचं. वाट त्या जिभेच्या कडेनं डोंगरात जायची, टोकाला ओढा ओलांडायची आणि पलीकडच्या कडेनं परत बाहेर यायची. समोर वाडीची कौलं दिसताहेत आणि आपण मात्र डोंगराकडे तोंड करून चाललोय, असा तो वळसा. मला तो वळसा आवडायचा, कारण तिथे झाडी दाट होती आणि पाणी नजरेआड व्हायचं.

पक्ष्यांचं मला फार वेड होतं असं नाही. पण पाण्याकडे बघायचं नसेल तर दुसरं काहीतरी बघायला हवं, म्हणून मी पक्षी बघायला लागले. बुडालेल्या झाडांच्या खोडांवर पाणकावळे पंख पसरून बसायचे, वाळत घातलेल्या काळ्या धुण्यासारखे. उथळ पाण्यात लाल काटकुळ्या पायांचे शेकाटे असायचे. खंड्या एकाच फांदीवर. आणि टिटव्या, त्या तर माणूस दिसला की बोंब ठोकणारच. आमच्याकडे टिटवी ओरडणं वाईट समजतात. मी म्हणायचे, ती जमिनीवर अंडी घालते, कुणी जवळ आलं की ओरडते, त्यात वाईट काय.

बहात्तर साली पाऊस झाला नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पुढच्या उन्हाळ्यात काष्टीकडच्या विहिरी आटल्या आणि यजमान जाऊन त्यांच्या आईला आमच्याकडे घेऊन आले. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. मीही त्यांना आत्याच म्हणायचे. हिरवं नऊवारी लुगडं, कमरेला चुन्याची डबी, आणि तोंड असं की उभ्या गावात कुणी नादी लागायचं नाही. पहिल्या दिवशी त्यांना धरण दाखवायला नेलं. त्या वर्षी पाणी खूप खाली गेलं होतं, खालच्या भागाला सोडून सोडून तळाला चाललं होतं, तरी त्यांच्या हिशेबानं ते पाणी अफाट होतं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढं पानी हितं निवांत पडलंय, अन् आमची मोट वर टांगून ठेवलीया. देवाला काय वाटून द्यायची अक्कल न्हाई."

त्यांचे गुडघे धरले होते. कॉलनीतल्या डॉक्टरांनी सपाटीवर चालायला सांगितलं. सपाटी म्हणजे माझी वाट. आत्या माझ्याबरोबर वर्गाला यायला लागल्या, आणि दोन-चार दिवसांत वर्ग माझा राहिला नाही. त्यांना गोधडी उत्तम येत होती. बायका माझी झबली-चड्ड्या बाजूला ठेवून त्यांच्याभोवती बसायला लागल्या. वाटेनं येताजाता त्या पाण्याच्या बाजूनं चालायच्या आणि मी डोंगराच्या. म्हणायच्या, "काट्यात काय शिरतीस? ती पाखरं बघ, कशी चालत्यात." पाखरं खाली गाळावर चालत असायची.

तो गाळ मला आवडत नव्हता. दरवर्षी उन्हाळ्यात थोडा उघडा पडायचा, पण त्या वर्षी इतका पडला की वाडीवरच्या म्हाताऱ्यांनीही तेवढा पाहिला नव्हता. दगडांच्या ओळीपासून पाण्यापर्यंत करडं, भेगाळलेलं, सपाट मैदान. त्यातून जुन्या बांधांचे दगड आणि झाडांचे बुंधे वर आले होते. ओढ्याची जीभ तर पार सुकून गेली होती. वळशाच्या अलीकडच्या टोकाला उभं राहिलं की पलीकडचं टोक हाकेच्या अंतरावर दिसायचं, मधे नुसता वाळलेला गाळ. होड्या आता धक्क्याला लागत नव्हत्या. पाणी मागे सरकेल तसा नावाडी धक्क्यावरून गाळावर फळ्या टाकत जायचा, एकीपुढे एक, आणि उतारू त्या फळ्यांवरून तोल सावरत लाँचपर्यंत जायचे. त्या फळ्या लोक उगीच वापरत नसणार, एवढं मला कळत होतं. पण आपल्याला कुठे खाली उतरायचंय, म्हणून मी त्याचा अधिक विचार केला नाही.

एके दिवशी आत्यांनी गोधडीसाठी जुन्या पातळांचे तुकडे कापायला घेतले होते. ते व्हायचे होते, म्हणून त्या म्हणाल्या, "तू हो पुढं. मी जेवून येते. वाट का मला ठावी न्हाई?" आदल्या दिवशी वर्गातल्या एका बाईनं त्यांना तेच सांगितलं होतं. ही बाई वाडीतच दिलेली, अंगानं चिप्पाड, हसरी, बोलायला घाई असलेली. म्हणाली होती, "एकल्या या की आजी. काठाकाठानं या. कायबी भ्या न्हाई." मी ते ऐकलं होतं आणि मला त्यात काही खटकलं नव्हतं. वाट काठाकाठानंच होती.

वर्ग सुरू झाला. दोन मशिनी, आठ-दहा बायका, देवळाचा मंडप. ऊन चढलं. आत्या आल्या नाहीत. मी म्हटलं, जेवल्यावर डोळा लागला असेल. मग मशिनीची सुई मोडली, ती बदलली. आत्या आल्या नाहीत. तेवढ्यात बायकांमधलं कुणीतरी म्हणालं, "आज आजी न्हाई व्हय?" आणि मी मशिनीवरून पाय काढला. कारण आत्या शब्दाच्या पक्क्या होत्या. येते म्हटलं की यायच्या, नाही तर कुणाच्या तरी हाती निरोप धाडून दहा शिव्या द्यायच्या.

मी वर्ग बंद केला. ती चिप्पाड बाई म्हणाली, "मी येते संगं." आम्ही निघालो. मी पहिल्यांदाच त्या वाटेनं पाण्याच्या बाजूनं चालले. पाण्याकडे बघत चालले. प्रत्येक बुंधा मला डोकं वाटत होता. एक पाणकावळा बुडी मारून वर आला तेव्हा मी जागच्या जागी थांबले. बाई म्हणाली, "पाखरू हाय, बाई." मला दिसत होतं ते पाखरू आहे. पाय मात्र हलत नव्हते.

वळशात शिरलो. झाडीत ऊन कमी होतं आणि आवाज मोठे येत होते. खाली कुठेतरी टिटव्या ओरडत होत्या. टिटव्या ओरडतातच, असं मी मनात म्हटलं. ओढा ओलांडला, पलीकडून बाहेर आलो, वाटेवर कुणी नाही. धक्क्यापर्यंत कुणी नाही. नावाडी उलट्या होडीच्या सावलीत पडला होता. त्याला हलवून विचारलं, आमच्या सासूबाई पाहिल्या का.

"हिरव्या लुगड्याची? गाठोडं घेतल्याली?"

"हो."

"गेली की मगाच. मला म्हनली, झोपा काढायला सरकार पगार देतं का. अन् गेली काठानं."

"कुठे गेली?"

"तुमच्याकडंच. वाडीकडं."

आम्ही वाडीकडूनच आलो होतो. मधे दुसरी वाट नव्हती. एका हाताला डोंगर होता, त्यावर गुडघे धरलेली म्हातारी चढणार नाही. दुसऱ्या हाताला जे होतं त्याचं नाव मी घेतलं नाही. नावाड्यानंही घेतलं नाही. तो उठून उभा राहिला आणि पाण्याकडे बघायला लागला, आणि त्याच्या बघण्यावरूनच माझे हात गार पडले. मे महिन्याच्या उन्हात गार.

मी त्याला विचारलं, "ती गेली तेव्हा कुठून गेली? वरून की खालून?"

"झोपेत होतो, बाई. काठानं जाते म्हनली."

तेव्हा टिटव्यांचा आवाज परत आला. त्या अजून ओरडतच होत्या. माणूस वाटेनं निघून जातं तेव्हा टिटवी थोड्या वेळानं गप्प बसते. इतका वेळ ओरडायचं म्हणजे कुणीतरी तिच्या अंड्यांपाशी आहे आणि हलत नाही. मी वळले आणि पळत सुटले. इतक्या वर्षांत त्या सोप्या वाटेवर मी पहिल्यांदा पळाले.

वळशाच्या अलीकडच्या टोकाला, दगडांच्या ओळीवर उभं राहून मी खाली पाहिलं. जिभेच्या मधोमध, जुन्या बांधाच्या आडोशाला, हिरवं लुगडं होतं. मघाशी झाडीतून ते दिसलं नव्हतं. आत्या कमरेच्या खाली दिसतच नव्हत्या. गाठोडं छातीखाली घेऊन त्यावर कोपरं टेकून त्या गाळात रुतल्या होत्या, पेरलेल्या असाव्यात तशा. वर टिटव्या घिरट्या घालत होत्या. थोड्या अंतरावर शेकाटे खुशाल चालत होते.

मी हाक मारली. डोकं वळलं. आवाज बारीक आला, पण आला.

"आत्ता आलीस व्हय. मगाशी वरून गप्पा मारत गेलीस, मी वरडत हुते."

"ऐकू आलं नाही, आत्या."

"कसं येईल? ह्या रांडा गप बसतील तवा ना," त्या टिटव्यांना म्हणाल्या.

त्यांनी काय केलं होतं ते माझ्या तेव्हाच ध्यानात आलं, कारण मीही त्यांच्याच मुलखातली. आमच्या नदीत वर्षातले आठ महिने पाणी नसतं. नदीचं पात्र हाच आमचा रस्ता. बैलगाड्या त्यातून जातात, काष्टीच्या बाजाराला माणसं त्यातून जातात. वाळलेलं पात्र समोर असताना वळसा घालणारा आमच्याकडे वेडा ठरेल. समोर वाडी दिसत होती, मधे कोरडं पात्र होतं, पाखरं चालत होती. आत्या सरळ निघाल्या. पण आमच्या पात्रात वाळू असते. इथे वरचा पापुद्रा तेवढा वाळलेला आणि खाली वर्षानुवर्षांचा गाळ, शिजत ठेवलेल्या पिठल्यासारखा.

चिप्पाड बाई माझ्या मागून आली, तिनं पाहिलं आणि तशीच खाली धावली. चार पावलांवर तिचा पाय गुडघ्यापर्यंत गेला. ती किंचाळून मागे पडली, म्हणून वाचली. रांगत वर आली आणि रडायला लागली. "माझी लेकरं ल्हान हायेत बाई, मला न्हाई जमायचं."

"तुला कुणी जा म्हणालं? नावाड्याला सांग फळ्या आण. आणि दोर आण. पळ."

ती पळाली. मी ओळीवर उभी राहिले. त्या वेळात मला काहीच करण्यासारखं नव्हतं, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. आत्या बोलत होत्या तोवर ठीक होतं. मग त्या गप्प झाल्या. हनुवटी गाठोड्यावर टेकली. ऊन थेट डोक्यावर होतं. त्या मघापेक्षा खाली गेल्यात की काय, हे मला ठरवता येईना. मी बांधाचा एक दगड खूण म्हणून धरला आणि त्याच्याशी त्यांचा खांदा ताडून बघत राहिले. दगड तिथेच होता. खांदा तिथेच वाटे, मग खाली वाटे. मी डोळे मिटून उघडले की पुन्हा खाली वाटे.

"आत्या, बोला काहीतरी."

"काय बोलू? तुझ्या बापानं हुंड्यात काय दिलं ते बोलू?"

"बोला."

"काय दिलं न्हाई. म्हनून गप हाय."

नावाडी फळ्या घेऊन आला. मागे बाई दोर घेऊन. फळ्या एकीपुढे एक टाकत गेलो. शेवटच्या दोन टाकायला कुणीतरी पुढे जायला हवं होतं. नावाडी अंगानं भरलेला. त्यानं पाय ठेवला तशी फळी एका बाजूनं गाळात जायला लागली. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी चपला काढल्या, पदर खोचला आणि पालथी पडून सरपटत निघाले. हे धैर्य नव्हतं. सांगायला दुसरं कुणी उरलं नव्हतं. फळीच्या दोन्ही बाजूंना गाळ होता, नाकापासून वीतभर, आणि त्याला वास होता, बंद पडलेल्या मोरीसारखा. फळी खालून चुकचुक आवाज करत होती. मी रामरक्षा म्हणायला गेले तर ती पहिल्या ओळीपुढे आठवेना.

आत्यांपाशी पोचले. त्यांचे ओठ फुटले होते. दोराचा फास त्यांच्या काखेखालून घातला. नावाड्यानं वरून ओढलं. त्या ओरडल्या आणि तसूभर हलल्या नाहीत. मी हात घालून चाचपलं. नऊवारीचा सगळा घेर गाळ पिऊन जड झाला होता आणि पायांभोवती पिळून बसला होता. गाळापेक्षा लुगड्यानंच त्यांना जास्त धरलं होतं.

"आत्या, लुगडं सोडावं लागेल."

"न्हाई."

"अहो, लुगड्यानं अडलंय."

"त्यो बाप्या हुबा हाय तितं."

"त्याच्याकडे दोर आहे. तो नसेल तर ओढणार कोण?"

"मग ऱ्हाऊ दे. मरन आलं तरी बाप्यापुढं लुगडं न्हाई सोडायची."

मला त्यांना तिथेच थोबाडावंसं वाटलं, खरं सांगते. त्या मरायला तयार होत्या आणि ते बोलायचं म्हणून बोलत नव्हत्या, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. नावाडी ओरडला, "काय झालं? ऊन लई हाय, उरका." मी ओरडून सांगितलं, तोंड फिरव. तो म्हणाला, "पाठ करून दोर कसा वढू?"

ते आत्यांनी ऐकलं. मग त्यांच्या तोंडावर हसू आलं, म्हणजे एका बाजूचा ओठ हलला.

"त्याला म्हनावं, मोटंचा बैल कसा वढतो? इहिरीकडं बघत वढतो का?"

विहिरीवरची मोट ओढताना बैल विहिरीकडे पाठ करून उतरणीनं पुढे चालत जातो, आणि मागे मोट आपोआप वर येते. आत्यांचं उभं आयुष्य त्या उतरणीवर, विहिरीच्या धावेवर गेलं होतं. मी नावाड्याला ओरडून सांगितलं. तो हसला नाही. डोंगराकडे तोंड करून त्यानं दोर खांद्यावरून घेतला, छातीशी धरला आणि वाकला. मी गाळात हात घालून आत्यांचा काष्टा सोडला, निऱ्या सोडल्या. बोटं सुन्न झाली होती, गाठ सापडत नव्हती. सापडली तेव्हा दातांनी ओढावी लागली. त्यांना गाठोड्यावर पुढे आडवं केलं.

"हां, चल म्हना," आत्या म्हणाल्या, आणि मग स्वतःच, जेवढा उरला होता तेवढ्या आवाजात, बैलांना घालतात तशी हाळी घातली.

नावाडी चालला. एक पाऊल, थांबला, दुसरं पाऊल. आधी काही झालं नाही. मग गाळानं एक मोठा, घाणेरडा आवाज केला आणि एक पाय सुटला. मग दुसरा. मी त्यांना फळीवर ओढून घेतलं आणि गाठोडं सोडून त्यातलं एक न कापलेलं जुनं पातळ त्यांच्याभोवती गुंडाळलं. नावाडी चढावर तसाच वाकून उभा होता. सांगितल्याशिवाय त्यानं मान वळवली नाही.

वर आल्यावर त्यांना करवंदीच्या सावलीत निजवलं आणि नावाड्याच्या बाटलीत होतं तेवढं पाणी घोट घोट पाजलं. नावाडी दूर बसून हातांवरचे वळ बघत होता. म्हणाला, "आजी, बैलाला पेंड तरी घाला आता."

"घालते. आधी दिवसा झोपायचं सोड."

आणि मग भांडण झालं. ती चिप्पाड बाई इतका वेळ बाजूला बसली होती, ती एकदम उसळली. "मी तुमाला काठानं या म्हनलं हुतं, आजी. पान्यात शिरा म्हनलं न्हाई."

"काठानंच आले की."

"त्यो काठ हाय व्हय?" तिनं दगडांच्या ओळीवर हात आपटला. "काठ ह्यो. हितं. वर."

"पानी तितं खाली, अन् काठ हितं वर? पान्याच्या कडंला काठ म्हनत्यात का न्हाई?"

"पानी कुटंबी जाईल. काठ जातो व्हय?"

आत्या कोपरावर उठल्या. मग म्हणाल्या, "आमच्याकडं पानीच न्हाई, बाय. नुसता काठच हाय. मला काय ठावं."

बाई हसायला लागली आणि हसता हसता परत रडायला लागली. मी हात धुवायला पाणी शोधत होते. पाणी खाली होतं, गाळाच्या पलीकडे. तसेच हात घेऊन घरी गेले.

लुगडं काही निघालं नाही. आत्यांनी त्याचा फार शोक केला, नवीन होतं म्हणून. पुढे कितीतरी दिवस वळशाच्या टोकावरून खाली पाहिलं की गाळात हिरवं टोक दिसायचं आणि त्याच्या शेजारी एखादा बगळा उभा असायचा. धरण परत भरलं तेव्हा ते दिसेनासं झालं. मी तिथून जातच राहिले, नोकरी होती. पण माझी भीती बदलली. पाणी भरलेलं असलं की मला उलट बरं वाटायचं. पाणी निदान दिसतं. उन्हाळ्यात, गाळ वाळून कोरडा ठणठणीत झाला, पाखरं त्यावर चालायला लागली की माझे हात गार पडायचे.

त्याच वर्षी पाऊस बरा झाला आणि आत्या गावी परतल्या. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही त्यांच्याकडे गेलो. बाजारच्या दिवशी काष्टीला निघालो, नेहमीसारखे नदीपर्यंत आलो. पात्र कोरडं होतं. वाळू पांढरी पडली होती, तिच्यात गाडीवाटेच्या चाकोऱ्या, माणसं दोन-दोन चार-चार करून पलीकडे चाललेली. यजमान पुढे उतरून गेले. मीही उतरले. मागे वळून पाहिलं तर आत्या वरच थांबल्या होत्या.

"तुमी जावा. मी फरशीवरून येते."

फरशी म्हणजे लांबचा पूल, बराच मोठा वळसा. गावातली एक बाई डोक्यावर पाटी घेऊन उतरत होती, ती म्हणाली, "का गं म्हातारे, नदी चावती का आता?" आत्यांनी तिला उत्तर दिलं नाही. आत्यांनी उत्तर दिलं नाही असं मी त्यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. त्या पदर सावरून, पात्राकडे न बघता, काठानं चालायला लागल्या.

मी वाळूत उभी होते. घट्ट वाळू होती. तीत काही नव्हतं हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. पाटीवाली बाई माझ्या शेजारून पलीकडे निघून गेली. मी एक पाय उचलला, तो वाळूत थोडा रुतला होता, रुततो तेवढाच. मग मी मागे फिरले, दरडीवर चढले आणि आत्यांच्या मागे निघाले.

त्यांनी मान न वळवता विचारलं, "ह्यो काठच हाय ना गं?"

"हो," मी म्हटलं, आणि आम्ही दोघी लांबच्या वाटेनं बाजाराला गेलो.